हुश्शेंची पाठ

गादीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक गादी बघून गादी घेत नाही. दिसायला सगळ्या गाद्या सारख्याच. आत फोम आहे, काथ्या आहे की स्प्रिंगा, हे खोळीवरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. झोपून बघा म्हणावं, तर चारचौघांत चपला काढून आडवं व्हायला माणूस लाजतो. त्यातून मोज्याला भोक असेल तर विचारूच नका. म्हणून दुसऱ्या कुणीतरी झोपून दाखवावं लागतं, आणि या दुकानात ते काम हुश्शे करत.

हुश्शे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गिऱ्हाइकासमोर ते कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करत, हप्त्याहप्त्यानं गादीवर बसायचे. मग एक कोपर टेकायचं, मग दुसरं, आणि शेवटी एकदाची पाठ टेकली की त्यांच्या तोंडून जे "हुश्श" बाहेर पडायचं, ते ऐकून धडधाकट माणसालाही आपली पाठ दुखत असल्याची शंका यायची. गिऱ्हाईक लगेच म्हणे, "हीच द्या." सगळा बाजार त्यांना हुश्शे म्हणू लागला, त्यांच्या बायकोला भाजीवाली हुश्शेवहिनी म्हणू लागली, आणि पोरीच्या शाळेतल्या बाईंनी एकदा हजेरीतही तेच नाव घेतलं.

या हुश्शची खुबी एकच होती. ते खरं होतं. हुश्शेंची पाठ खरोखरच दुखायची, सकाळ-संध्याकाळ, बसता-उठता. दुकानात पूर्वी गोड जिभेचे दोन विक्रेते येऊन गेले होते, पण त्यांचं हुश्श सर्कशीतल्या विदूषकासारखं व्हायचं आणि गिऱ्हाईक खुदकन हसून निघून जायचं. मालक हाडाचे व्यापारी. त्यांनी हुश्शेंच्या पाठीला दुकानातल्या मालासारखं जपलं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला त्यांना बिनपाठीचं, एक पाय आखूड असलेलं स्टूल दिलं होतं. रोज सकाळी शटर वर गेलं की मालक काळजीनं विचारायचे, "कशी आहे पाठ?"

"फार दुखतेय मालक आज."

"शाब्बास."

असं सगळं सुरळीत चाललं असताना दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी शिवणाचा वर्ग चालायचा तिथे, एक नवी पाटी लागली. 'पिलाटीज. नवशिक्यांसाठी वर्ग. पाठदुखी, मानदुखी, वाकलेले खांदे. उड्या नाहीत, धावणं नाही.'

मालकांनी पाटी दोनदा वाचली. आत्तापर्यंत कमरेला हात लावून रस्त्यानं येणारा माणूस थेट दुकानात शिरायचा. आता तोच माणूस दुकानाच्या दाराशी येऊन जिन्यानं वर जाऊ लागला. तासाभरानं खाली यायचा तेव्हा हात कमरेवर नसून खिशात असायचे, आणि काहीजण तर शीळ घालत यायचे. गादीच्या दुकानासमोरून माणूस शीळ घालत गेला की मालकांना घाम फुटायचा.

"हुश्शे, ती बाई वर नेमकं काय करते, ते कळलं पाहिजे. तुम्ही जाऊन नाव घाला."

"मीच का मालक?"

"तुमची पाठ दुखते. तुमच्यावर कुणाला संशय येणार नाही."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण धोंडा हातात असेपर्यंत फार भक्कम आणि कामाचा वाटतो. मालकांनी वर्गाची फी स्वतःच्या खिशातून भरली.

वरच्या हॉलमध्ये पातळ पातळ चटया अंथरल्या होत्या आणि त्यांवर निरनिराळ्या वयाची, निरनिराळ्या घेराची माणसं उताणी पडली होती. शिकवणाऱ्या बाई सडपातळ, पिकल्या केसांच्या, आणि शेजारी तान्हं मूल झोपलंय अशा आवाजात बोलणाऱ्या. हुश्शेंनी बसण्याआधी धंद्याच्या सवयीनं चटईचा कोपरा दोन बोटांत दाबून पाहिला.

"बाई, ही काय जाडी झाली? आमच्याकडे उशीची खोळ याहून जाड असते."

"जमीन लागायलाच हवी. पाठ कुठे टेकते, कुठे टेकत नाही, ते आधी कळलं पाहिजे ना."

"कळून काय करायचं? दुखते कुठे ते कळतंच आहे."

"आडवे व्हा," बाई म्हणाल्या.

हुश्शे नेहमीप्रमाणे हप्त्याहप्त्यानं आडवे झाले, आणि पाठ टेकल्याबरोबर सवयीनं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "हुश्श…"

बाई जागच्या जागी थबकल्या. मग त्यांनी टाळी वाजवली. "सगळ्यांनी इकडे बघा! श्वास सोडायचा तो असा. तोंडानं, सावकाश, बरगड्या आत मिटेपर्यंत. मी महिनाभर घसा फोडून सांगतेय, ते यांना येताक्षणी जमलं. कुठे शिकलात हो तुम्ही?"

"खाली. दुकानात."

तिथेच सगळं बिघडलं. बाकीच्यांना नुसता श्वास सोडायला शिकायला कितीतरी दिवस लागत होते. हुश्शेंना तो आयुष्यभराच्या पाठदुखीनं आयताच शिकवून ठेवला होता. पुढचं शिक्षण मात्र अवघड होतं. बेंबी कण्याकडे ओढा, असं बाई म्हणाल्या. हुश्शेंची बेंबी कण्यापासून बरीच वर्षं विभक्त राहत होती आणि एका हाकेत ती परत यायला तयार नव्हती. मग बाई म्हणाल्या, ओटीपोटावर पाण्यानं भरलेली वाटी आहे असं समजा, आणि ती सांडू न देता एक पाय उचला. हुश्शेंनी पाय उचलला, आणि वाटीच काय, सगळी घागर सांडली. शेवटी 'शंभरी' नावाचा प्रकार झाला. डोकं वर, गुडघे वर, दोन्ही हात अंगाशी ताठ, आणि ते हात पाण्यावर थापट्या मारल्यासारखे वरखाली करत शंभरपर्यंत मोजायचं. हुश्शे तिसाच्या आसपास मोजणं विसरले आणि थेट पंचाण्णव म्हणाले.

खाली आल्यावर मालकांनी त्यांना गाठलं. "काय सांगते ती?"

"श्वास घ्या म्हणते."

"आणि?"

"सोडा म्हणते."

"आणि याचे पैसे घेते?" मालकांना त्या बाईबद्दल एकदम आदर वाटला. "आपण गिऱ्हाइकाला इथे इतकी वर्षं फुकट श्वास घेऊ देतोय हुश्शे! आणखी काय?"

"पोटाच्या आत, खूप आत, आणखी एक पोट असतं म्हणते. ते आवळलं की पाठीला आधार मिळतो."

"पाठीला आधार गादीनं द्यायचा असतो. जात राहा तुम्ही, सगळं नीट बघून या."

हुश्शे जात राहिले. इमानी माणूस, दिलेलं काम मन लावून करायचं एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी कमरेचा पूल करायला शिकून घेतलं, एकेक मणका चटईवर माळेसारखा ठेवत खाली यायला शिकून घेतलं, आणि स्टुलावर बसतानासुद्धा कुणीतरी डोक्याचे केस धरून वर ओढतंय असं समजून बसायला लागले. आखूड पायाचं ते स्टूल डुगडुगायचं बंद झालं, कारण त्यावर बसणारा माणूसच तोल सांभाळायला शिकला होता. आणि मग एका संध्याकाळी पोरगी टीव्ही बघता बघता खुर्चीतच झोपली. हुश्शेंनी वाकून तिला उचललं, पलंगावर नेऊन ठेवलं आणि पांघरूण घालून सरळ उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे काय केलं.

बायको दारात उभी होती. पोरगी रांगायला लागल्यापासून त्या घरात एकच वाक्य घुमायचं, 'बाबांच्या अंगावर चढू नको गं.' बायकोनं पदरानं नाक पुसलं. हुश्शेंनाही भरून आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला खांद्यावर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं, आणि ते शीळ घालत दुकानात आले.

मालकांच्या कपाळावर आठी पडली.

त्याच दिवशी नवं लग्न झालेलं एक जोडपं आलं. हुश्शे गादीजवळ गेले, एका झोकात बसले, आणि लोण्यासारखे अलगद आडवे झाले. मग त्यांनी तोंड उघडलं. पण शिट्टी न होताच वाफ निघून गेलेल्या कुकरमधून यावा तसा नुसताच एक बारीक आवाज आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. नवरा बायकोकडे बघून म्हणाला, "जरा फिरून येतो आम्ही." फिरून येतो म्हणणारं गिऱ्हाईक पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं तरी त्या दुकानात येत नाही, हे मालकांना पुरतं ठाऊक होतं.

"काय झालं हुश्शे?"

"दुखत नाही, मालक."

"काय दुखत नाही?"

"पाठ."

मालक मटकन खुर्चीत बसले. "कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"आनंदाची बातमी आधी घरी सांगावी म्हटलं."

"आनंदाची! अहो, तुम्हाला माहिती काढायला पाठवलं होतं, बरं व्हायला नाही! हे बघा, तुमची पाठ ही दुकानाची पाठ आहे. ती पहिल्यासारखी करा. काहीही करा. वर्ग आजपासून बंद."

हुश्शेंनी मनापासून प्रयत्न केले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. ते स्टुलावर मुद्दाम पोक काढून बसले, पण लक्ष दुसरीकडे गेलं की पाठ आपली आपण ताठ व्हायची. त्यांनी गोदामात डबल बेडची गादी चुकीच्या पद्धतीनं उचलायचा चंग बांधला. हात लावताच गुडघे आपोआप वाकले, पोट आत गेलं आणि गादी कापसाच्या पेळूसारखी वर आली. रविवारी घरी त्यांनी कपड्यांचं लोखंडी कपाट कंबर वाकडी करून ढकलायला घेतलं. शरीर ऐकेचना. कपाट मात्र समोरच्या भिंतीला जाऊन लागलं.

"बरं झालं, मला ते तिथेच हवं होतं," बायको म्हणाली. "आता फ्रिज घ्या."

"अगं, मी पाठ बिघडवायला बघतोय. नाहीतर नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे. दुसरी मिळेल. पण ती पाठ परत बिघडवलीत ना, तर पोरीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा."

हुश्शेंना हे सांगणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी सोमवारी मालकांना साफ सांगून टाकलं की पाठ आता काही बिघडत नाही. नोकरीच्या काळजीनं त्यांचे हातपाय गार पडले होते, पण पाठ तेवढी मेली ताठच.

मग दुकानाच्या काचेवर कागद लागला. 'विक्रेता पाहिजे. बोलणं येत नसलं तरी चालेल. पाठदुखी जुनी असावी.'

मुलाखतींना रांग लागली. जगात पाठदुखीला किंमत देणारं कुणीतरी आहे, हे कळल्यावर माणसं फार उत्साहानं आली. एकजण मणक्याचा एक्स-रे घेऊन आला आणि तो खिडकीच्या उजेडात धरून, वंशावळ दाखवावी तसा दाखवू लागला. एका आजोबांनी सांगितलं, माझ्या वडिलांचीही दुखायची, आमच्या घरात हे पिढीजात आहे. एका तरण्याबांड पोरानं इतकं विव्हळून दाखवलं की मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हुश्शेंनी मुद्दाम पेन खाली पाडलं आणि त्यानं ते चटकन वाकून उचलून दिलं. "खोटा आहे," हुश्शे म्हणाले. आपल्याच जागेसाठी माणूस निवडायला बसवल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण म्हणून काय कामात कसूर करायची?

शेवटी एक सलूनवाले आले आणि रांगेतल्या बाकीच्यांनी त्यांना आपणहून वाट दिली. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर एकाच बाजूनं वाकून हा माणूस पार डावीकडे कलला होता. इतका, की त्यांच्याशी बोलणारा थोड्या वेळानं स्वतःही कलायचा. अलीकडे त्यांच्या सलूनमधून माणसं तिरपी केशरचना घेऊन बाहेर पडत होती, म्हणून त्यांच्या मेव्हण्यानं त्यांना हात जोडून घरी बसवलं होतं. त्यांना गादीवर निजवलं. त्यांच्या तोंडून जे हुश्श निघालं, ते ऐकून रस्त्यावरचा माणूस दुकानात डोकावला.

"हाच!" मालक मान कलती करून म्हणाले. "हुश्शे, यांना गाद्यांची माहिती द्या. महिनाअखेरीस तुम्ही मोकळे."

त्याच आठवड्यात एका मोठ्या वसतिगृहाची खरेदी बघणाऱ्या बाईंचा फोन आला. सगळ्या खोल्यांच्या गाद्या बदलायच्या होत्या. "माझी नणंद तुमच्याकडून गादी घेऊन गेली," त्या म्हणाल्या. "ती जन्मात कशालाही चांगलं म्हणत नाही. पण तुमच्याकडे एक माणूस झोपून दाखवतो म्हणे, त्याला ती चांगलं म्हणाली. मला तो माणूस झोपलेला बघायचाय. पंधरा दिवसांनी, बुधवारी येते." मालकांनी फोन ठेवला आणि सलूनवाल्यांकडे पोटच्या पोराकडे बघावं तसं पाहिलं.

आता हुश्शेंना त्यांना फक्त गाद्यांचीच माहिती द्यायची होती. पण गोदामात गाद्यांच्या थप्प्यांमध्ये तो माणूस भिंतीला धरून उभा राहायचा, उठताना "आई गं" म्हणायचा, आणि हुश्शेंना आपली मागची सगळी वर्षं डोळ्यांसमोर दिसायची.

"जरा आडवे व्हा बघू," ते एकदा न राहवून म्हणाले. "श्वास तुम्हाला सोडता येतोच. आता तो सोडताना बेंबी आत घ्या."

"याच्यानं माल खपतो?"

"याच्यानं रात्री झोप लागते."

"मग सांगा," सलूनवाले म्हणाले.

एकदा सांगितलं ते रोज सांगणं झालं. सलूनवाले रोज चिमूटभर सरळ होत गेले. मालकांच्या ते ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्याकडे मान कलती करूनच बघायची मालकांना सवय लागली होती, आणि मान कलती करून पाहिलं की सरळ माणूसही कललेला दिसतो. बुधवारी सकाळी मात्र सलूनवाले दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. चौकट सरळ होती. माणूसही सरळ होता.

मालकांनी आ वासला. त्यांनी सलूनवाल्यांना गादीवर लोटलं. "करा हुश्श!"

"कशाला?" सलूनवाल्यांनी भाबडेपणानं विचारलं. "काही दुखत नाही आता. हुश्शेसाहेबांचे उपकार. मी उद्यापासून परत सलूनमध्ये जातो म्हणतो."

मालक हुश्शेंकडे वळले. रागानं त्यांना शब्द सापडेनात, आणि सापडले ते सगळे एकदम बाहेर आले. "महिनाअखेर नाही, आत्ता! या क्षणी! तुम्हाला काढलं! स्वतः बरे झालात ते झालात, दुसऱ्यालाही बरं करता? आणि त्या वरच्या बाईचं दुकान तर मी आजच बंद करतो!" असं म्हणून ते दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

वर वर्ग चालू होता. सगळे उताणे, पाय हवेत. मालक मधोमध उभे राहून गरजले, "हे ताबडतोब बंद करा!"

"हळू," बाई आपल्या त्याच तान्ह्या मुलाशेजारच्या आवाजात म्हणाल्या. "आणि उभे राहू नका. तुमच्याकडे बघायला सगळे माना वळवतायत, त्यांच्या माना दुखतील."

"दुखू देत!" मालक मनापासून म्हणाले.

"आडवे होऊन बोला. इथे सगळे आडवे होऊनच बोलतात."

सगळा वर्ग त्यांच्याकडे टकामका बघत होता. भांडण अर्धवट सोडून जाणं मालकांच्या रक्तात नव्हतं. ते आडवे झाले. आडवं होऊन भांडायचं तर समोरच्याचं तोंड दिसायला डोकं वर उचलावं लागतं, त्यांनी उचललं. पाय पसरून आवाजाला जोर येईना, म्हणून गुडघे वर घेतले. आणि भांडताना हातवारे करायची त्यांची जुनीच सवय. आडव्या माणसाचे हातवारे वरखालीच होतात.

"तुम्ही! माझा! धंदा! बुडवलात!"

"बघा," बाई वर्गाला म्हणाल्या, "हात असे हलले पाहिजेत. खांद्यापासून. आणि प्रत्येक शब्दाला पोट कसं आत जातंय बघा. बोला ना, थांबू नका. आणखी काय केलं मी?"

मालकांकडे तक्रारी भरपूर होत्या. पाटीची तक्रार होती, शीळ घालणाऱ्यांची होती, हुश्शेंची होती, सलूनवाल्यांची होती. त्या सगळ्या सांगून होईतो त्यांची शंभरी पुरी झाली, आणि मग चिडून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले तेव्हा दुसरीही झाली. मग बाईंनी विचारलं, "हे तुम्ही एका पायावर सांगू शकाल?" आणि मालक म्हणाले, "का नाही? घाबरतो की काय?"

इकडे खाली वसतिगृहाच्या बाई येऊन बसल्या होत्या. हुश्शे डबा उचलून निघायच्या बेतात होते, पण आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानात एकटं सोडून जाणं त्यांच्यानं झालं नाही. दुकानातली एकुलती एक चांगली खुर्ची मालकांची. ती त्यांनी बाईंना दिली आणि स्वतः गल्ल्यामागे उभे राहिले.

"तुम्ही मालक ना?" बाई म्हणाल्या. "फोनवर आवाज जाड वाटला होता."

"नाही बाई, मी मालक—"

"असणारच. नोकरमाणूस इतका ताठ उभा राहत नाही. मला घाई आहे. तो झोपणारा माणूस कुठाय?"

हुश्शेंनी सगळा खुलासा तिथेच सोडून दिला. आपण आता इथे कोण आहोत, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. त्यांनी सलूनवाल्यांकडे पाहिलं. सलूनवाले बिचारे आडवे झाले.

"कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"छान आहे."

"आणि?"

"आणि काय? मऊ आहे."

बाईंनी पर्स उचलली. "माझ्या नणंदेनं पहिल्यांदाच कशाला तरी चांगलं म्हटलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी पायरी. दारात मालक दिसले. चेहरा लालबुंद, शर्ट अंगाला चिकटलेला, मांड्या लटलट कापतायत. दोन्ही हातांनी चौकट धरून ते आत आले. त्यांना बाई दिसल्या नाहीत, हुश्शे दिसले नाहीत, जगातलं काहीच दिसलं नाही. फक्त समोरची गादी दिसली. सलूनवाले चपळाईनं बाजूला झाले. मालक कमरेवर हात ठेवून हप्त्याहप्त्यानं बसले, एक कोपर टेकलं, दुसरं टेकलं, आणि मग पाठ टेकली.

"हुश्श…"

ते हुश्श हुश्शेंच्या भर उमेदीतल्या हुश्शपेक्षाही मोठं होतं. त्याला तळ नव्हता. पंखा फिरायचा थांबला असं हुश्शेंना क्षणभर वाटलं. वसतिगृहाच्या बाई खुर्चीतून उठल्या, गादीजवळ गेल्या आणि मालकांकडे निरखून बघू लागल्या. मग त्यांनी मालकांचा एक हात उचलला आणि सोडून दिला. हात धप्पकन पडला.

"नाटक करत नाहीये हा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांना हीच गादी. नणंदेला कळवते मी, तिचं एकदा तरी बरोबर निघालं म्हणून. फार दिवस आहे का हा तुमच्याकडे?"

"दुकान सुरू झाल्यापासून," हुश्शे म्हणाले. हे खरंच होतं.

"सांभाळा याला, मालक. अशी माणसं मिळत नाहीत आजकाल. काढूनबिढून टाकाल."

गादीवर मालकांचा एक डोळा उघडला. त्यांनी उठायचा प्रयत्न केला असावा, कारण पायाचा अंगठा थोडा हलला. बाकी काही हललं नाही. हुश्शेंनी त्या डोळ्याकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या आपल्या डब्याकडे पाहिलं, आणि एक लांब श्वास घेऊन बेंबी कण्याकडे ओढली.

"मी नाही कुणाला काढत, बाई. चांगल्या माणसाला कुणी काढतं का? पण याचा स्वभाव जरा तापट आहे. रागाच्या भरात नको ते बोलून जातो. आज सकाळीच बोलला."

"मग?"

"मग शब्द मागे घेतो. मनाचा वाईट नाही." हुश्शे गादीवर वाकले, कमरेतून, अगदी सहज. "काय रे, घेतोस ना मागे?"

बाई पर्समधून पेन काढून थांबल्या होत्या. मालकांनी पेनाकडे पाहिलं, हुश्शेंकडे पाहिलं, आणि डोळा मिटून घेतला.

"घेतला, मालक," ते म्हणाले.